मुंबईत मधुमेहासाठी सरकारी आरोग्यसेवा कशी घ्यावी : पहिल्या तपासणीपासून नियमित उपचारांपर्यंत

मुंबईत राहणाऱ्या ज्या व्यक्तीला नुकतेच मधुमेहाचे निदान झाले आहे, किंवा जिने आजवर एकदाही रक्तातील साखर तपासून घेतलेली नाही, तिच्यासाठी हा लेख आहे. महापालिकेच्या दवाखान्याची पायरी कधीच न चढलेल्या, सरकारी म्हणजे केवळ गर्दी आणि रांगा असा समज असलेल्या वाचकालाही तो उपयोगी पडावा, अशी अपेक्षा आहे. मधुमेहाच्या बाबतीत या शहरातील सार्वजनिक आरोग्यव्यवस्था बरेच काही विनामूल्य किंवा नाममात्र शुल्कात देते. मात्र तिचा लाभ एका तपासणीने मिळत नाही. वर्षानुवर्षे, खंड न पडता त्याच दवाखान्याशी नाते टिकवले तरच डोळे, मूत्रपिंडे आणि पाय वाचतात. बहुतेकांचे नुकसान निदानाअभावी जितके होते, तितकेच ते निदानानंतर सहा महिन्यांनी गोळ्या सुटल्यामुळे होते. म्हणून या लेखातील प्रत्येक पायरी त्या खंडाला टाळण्याच्या दृष्टीने सांगितली आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. केंद्र सरकारने २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयरोग आणि पक्षाघात यांच्या प्रतिबंधासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आता तो राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम या नावाने चालतो. त्याखाली तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची मधुमेह, उच्च रक्तदाब आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी व्हावी, असे धोरण आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, तर सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मुंबईचे चित्र अधिक चिंताजनक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने महापालिकेने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयोगटातील सुमारे १८ टक्के मुंबईकरांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या मर्यादेत आढळली आणि सुमारे ३४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब असल्याचे दिसले. म्हणजे चाळीच्या एका मजल्यावर राहणाऱ्या प्रौढांत तीन-चार जणांना हा आजार असणे मुळीच असामान्य नाही, आणि त्यांपैकी काहींना त्याचा पत्ताही नसतो.

सुरुवात कोठून करावी

मुंबईची सार्वजनिक आरोग्यव्यवस्था तीन-चार थरांची आहे, आणि नवख्या माणसाची पहिली गल्लत इथेच होते. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर आणि विलेपार्ल्याचे कूपर ही महापालिकेची मोठी रुग्णालये सर्वांना ठाऊक असल्यामुळे साखर वाढल्याचे कळताच अनेकजण थेट तिकडे धाव घेतात. पहाटे उठून गाडी पकडावी, केसपेपरच्या रांगेत उभे राहावे, औषधांच्या खिडकीवर पुन्हा रांग लावावी, आणि एवढे करून अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली की पुढच्या महिन्यात जाण्याचे मनच होत नाही. मोठी रुग्णालये गुंतागुंतीच्या आजारासाठी आहेत. दर महिन्याच्या गोळ्यांसाठी ती सोयीची नाहीत.

त्यामुळे सुरुवात घराजवळच्या महापालिका दवाखान्यातून करावी. नोव्हेंबर २०२२ च्या सुमारास शहरात हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना या नावाने केंद्रे उघडण्यास सुरुवात झाली. त्यांचा विशेष असा की अनेक ठिकाणी ती संध्याकाळी आणि रात्री उशिरापर्यंत खुली असतात, त्यामुळे कामावरून परतताना तेथे जाता येते. डॉक्टरांची तपासणी, औषधे आणि रक्ताच्या बहुतांश नेहमीच्या चाचण्या या केंद्रांत विनामूल्य होतात. वेळ प्रत्येक ठिकाणी सारखी नसते, म्हणून पहिल्यांदा जाण्यापूर्वी फलकावरील वेळ पाहून ठेवावी किंवा शेजारच्यांना विचारावे. वस्तीत फिरणाऱ्या आरोग्यसेविका आणि आशासेविका या दोघींनाही जवळचा दवाखाना, तेथील डॉक्टरांची वेळ आणि तपासणीचा दिवस बिनचूक माहीत असतो. त्या दारावर आल्या की त्यांना परत पाठवू नये. वय, कमरेचा घेर, तंबाखू, दारू, व्यायाम आणि घराण्यातील आजार यांविषयी त्या जी प्रश्नावली भरून घेतात, तिच्या गुणांवरून कोणाला आधी तपासावे हे ठरते. गुणांची बेरीज चारपेक्षा अधिक झाली तर तपासणीला प्राधान्याने बोलावले जाते. ज्यांच्या घरी कोणीही आलेले नाही, त्यांनी वाट न पाहता स्वतः दवाखान्यात जाऊन तपासणी मागावी. महापालिकेच्या अनेक रुग्णालयांत बाह्यरुग्ण विभागाजवळ असंसर्गजन्य आजारांसाठी तपासणीचा स्वतंत्र कक्ष असतो. नातेवाइकाला भेटायला रुग्णालयात गेलेल्या व्यक्तीलाही तेथे रक्तदाब आणि साखर तपासून घेता येते.

दवाखान्यातून पुढची पायरी म्हणजे घाटकोपरचे राजावाडी, वांद्रे व कुर्ला येथील भाभा, कांदिवलीचे शताब्दी यांसारखी उपनगरांतील रुग्णालये. मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची गरज दवाखान्यातील डॉक्टरांना वाटली, तर ते चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी जपून ठेवावी, कारण तिच्यामुळे पुढच्या डॉक्टरांना आधीचा इतिहास कळतो.

तपासणी आणि तिचे आकडे

बोटाला सुई टोचून यंत्रावर मिळालेला आकडा हा संशय दाखवणारा असतो. त्यावरून मधुमेह ठरत नाही. कधीही केलेल्या अशा तपासणीत साखर १४० मिलिग्रॅमपेक्षा अधिक आढळली, तर कार्यक्रमाच्या नियमानुसार डॉक्टरांकडे पाठवून नसेतील रक्ताची तपासणी केली जाते. निदानाच्या मर्यादा अशा आहेत : उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक. खूप तहान, वारंवार लघवी, कारण नसताना घटणारे वजन अशी लक्षणे असतील, तर कधीही केलेल्या तपासणीत २०० वर आलेला आकडाही पुरेसा मानला जातो. लक्षणे नसतील, तर एकाच आकड्यावर विसंबू नये. दुसरी तपासणी करून मगच निदान पक्के केले जाते, आणि ती मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ दरम्यान असेल, तर ती पूर्वमधुमेहाची अवस्था होय. तिला किरकोळ समजू नये, कारण वजन उतरवून आणि रोज चालून मधुमेह लांबवता किंवा टाळता येतो तो याच टप्प्यावर.

उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास पाण्याखेरीज काहीही पोटात नसणे. सकाळचा अर्धा कप चहा, त्यात साखर नसली तरी, तपासणीपूर्वी घेऊ नये. रात्रपाळी करणाऱ्यांनी तपासणीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी, आणि आपण कधी झोपलो व कधी जेवलो हे त्यांना सांगावे. जेवणानंतरची साखर दोन तासांनी मोजतात. हे दोन तास जेवण सुरू केल्यापासून मोजावेत, आणि त्या दिवशी नेहमीचेच जेवण जेवावे. तपासणीसाठी मुद्दाम कमी जेवणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यामुळे होणारी फसवणूक त्यांचीच असते.

पहिल्या भेटीत

दवाखान्यात पहिल्यांदा जाताना आधार कार्ड, जुने अहवाल आणि चालू असलेली सर्व औषधे पाकिटांसह न्यावीत. औषधांत आयुर्वेदिक काढे, कोणी सांगितलेली चूर्णे आणि सांधेदुखीच्या गोळ्यासुद्धा येतात. कोणी ओरडेल या भीतीने ती लपवू नयेत. मूत्रपिंडांवर परिणाम करणारी वेदनाशामके डॉक्टरांना कळणे अत्यावश्यक आहे. आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा चौदा अंकी क्रमांक दवाखान्यातच काढून मिळू शकतो, आणि तो असल्यास निरनिराळ्या सरकारी केंद्रांतील नोंदी एकत्र राहण्यास मदत होते. तरीही कागद सोडू नये. एक साधी वही करावी, तिच्यात तारीख, साखर, रक्तदाब, वजन आणि बदललेली औषधे लिहावीत. डॉक्टर बदलतात, पाळी बदलते, संगणक बंद असतो. वही मात्र सोबत राहते.

त्या भेटीत रक्तदाब, वजन आणि कमरेचा घेर मोजला गेला नसेल तर तो मोजण्याची विनंती करावी. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर हा भारतीयांत धोक्याचा मानला जातो. पायांतील मोजे काढून डॉक्टरांना पाय दाखवावेत, मग ते विचारोत वा न विचारोत.

गोळ्या, इन्सुलिन आणि त्यांत पडणारा खंड

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. मेटफॉर्मिन हे बहुतेक रुग्णांचे पहिले औषध, ते जेवणासोबत घेतल्यास पोटाचा त्रास कमी होतो. ग्लिमेपिराइडसारखी औषधे साखर अधिक वेगाने उतरवतात, म्हणून ती घेऊन जेवण टाळणे धोक्याचे असते. ही औषधे आणि नेहमीच्या प्रकारचे इन्सुलिन सार्वजनिक केंद्रांतून पुरवले जाते. एखाद्या दिवशी साठा संपलेला असेल, तर गोळ्या बंद करून पुढच्या महिन्याची वाट पाहू नये. जन औषधी केंद्रातून तेच औषध रासायनिक नावाने अत्यंत कमी किमतीत मिळते. चिठ्ठीवर औषधाचे रासायनिक नाव आणि मात्रा स्पष्ट लिहून घेतली, तर हे काम सोपे होते. घरातील पट्टी पूर्ण रिकामी होण्याची वाट न पाहता किमान आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच दवाखान्यात जावे.

मुंबईत गोळ्यांना खंड पडण्याचे हमखास कारण म्हणजे गाव. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरे कुलूपबंद होतात, आणि दहा दिवसांसाठी गेलेला माणूस महिनाभर राहतो. जाण्यापूर्वी दवाखान्यात सांगून जास्तीच्या गोळ्या मागाव्यात, आणि वही व चिठ्ठीची प्रत सोबत ठेवावी. गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आयुष्मान आरोग्य मंदिरे याच राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहेत, त्यामुळे चिठ्ठी दाखवल्यास तेथेही औषधाची सोय होऊ शकते. साखर आता बरोबर आली म्हणून गोळी बंद करणे ही दुसरी मोठी चूक. साखर बरोबर आली ती गोळीमुळेच, आणि मात्रा कमी करायची असेल तर ती डॉक्टरांनीच करावी.

उपवासांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. श्रावणातील सोमवार, संकष्टी, नवरात्राचे नऊ दिवस, तसेच रमजानचे रोजे हे सर्व रुग्णाच्या श्रद्धेचे विषय आहेत, आणि त्यांवर डॉक्टरांशी आधी बोलणे हे श्रद्धेला कमीपणा आणणारे नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि वऱ्याचे तांदूळ यांनी साखर झपाट्याने वाढते, तर दिवसभर काहीही न खाता ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेतल्यास ती धोकादायकरीत्या उतरते. उपवास सुरू होण्याच्या आठवडाभर आधी दवाखान्यात जाऊन गोळ्यांची वेळ आणि मात्रा ठरवून घ्यावी. साखर उतरल्याची लक्षणे म्हणजे थरथर, घाम, छातीत धडधड, गोंधळ. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि बरे वाटल्यावर काहीतरी खावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही माहिती घरातील मुलांनाही असली पाहिजे.

इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. ज्या घरात फ्रिज नाही, त्यांनी कुपी प्लास्टिकच्या डब्यात घट्ट बंद करून मातीच्या माठात किंवा ओल्या वाळूत, सावलीत ठेवावी. वापरात असलेली कुपी साधारण महिनाभर टिकते, त्यानंतर उरलेले इन्सुलिन टाकून द्यावे.

वर्षातून एकदा तरी

साखर मोजणे म्हणजे मधुमेहाची तपासणी पूर्ण झाली, हा गैरसमज फार खोलवर रुजला आहे. एचबीएवनसी वर्षातून किमान दोनदा, आणि साखर आटोक्यात नसल्यास दर तीन महिन्यांनी पाहावी. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी, लघवीतील प्रथिने, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन आणि पायांच्या संवेदनेची चाचणी झाली पाहिजे. दृष्टी चांगली असतानाही डोळ्याचा पडदा बिघडू शकतो, आणि त्याची जाणीव रुग्णाला फार उशिरा होते. डोळे तपासण्याच्या दिवशी बाहुली मोठी केल्यामुळे काही तास धूसर दिसते, म्हणून सोबत कोणीतरी असावे आणि त्या दिवशी गाडी चालवू नये.

पायांविषयी मुंबईला स्वतःची काळजी आहे. जून ते सप्टेंबरदरम्यान साचलेल्या पाण्यातून चालावे लागते, आणि पायाला जखम असताना अशा पाण्यातून गेल्यास लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापाचा धोका वाढतो. पावसाळ्यात महापालिका याविषयी सूचना देतेच. साचलेल्या पाण्यातून गेल्यानंतर ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक औषधाविषयी विचारावे. संवेदना कमी झालेल्या पायाला काच रुतला तरी कळत नाही, म्हणून रोज रात्री तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या पाहाव्यात, गरज पडल्यास आरसा वापरावा. नवरात्रात अनवाणी राहण्याचे व्रत मधुमेह असलेल्या व्यक्तीने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फोड आला किंवा कातडीचा रंग बदलला, तर त्याच दिवशी दाखवावे. घरी कापून, पिळून किंवा हळद भरून वाट पाहू नये.

गरोदरपण आणि क्षयरोग

गरोदर स्त्रीची साखर पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान तपासली जावी, असे राष्ट्रीय मार्गदर्शन आहे. त्यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात देऊन दोन तासांनी रक्त घेतात, आणि १४० किंवा अधिक आकडा आल्यास गर्भावस्थेतील मधुमेह मानला जातो. ही तपासणी उपाशीपोटी असणे आवश्यक नसल्यामुळे ती त्याच भेटीत करता येते. बाळंतपणानंतर साखर उतरली, तरी अशा स्त्रीला पुढे मधुमेह होण्याचा धोका टिकून राहतो, म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी आणि पुढे नियमित तपासणी करावी.

मुंबईत क्षयरोगाचा भार मोठा असल्याने हा दुवा विसरता कामा नये. मधुमेहामुळे क्षयरोग होण्याची शक्यता वाढते आणि साखर बेकाबू असेल तर त्याचे उपचारही अवघड होतात. त्यामुळे प्रत्येक क्षयरुग्णाची साखर तपासली जाते, आणि मधुमेह असलेल्या व्यक्तीला दोन आठवड्यांहून अधिक खोकला, रात्रीचा ताप किंवा वजन घटणे जाणवल्यास तिने थुंकीची तपासणी करून घ्यावी.

आहार आणि चालणे

आहाराबद्दल दवाखान्यात सल्ला मिळतो, परंतु तो घरातील चुलीशी जुळला पाहिजे. भात सोडा असे सांगणे सोपे आहे, पण मालवणी घरात तो आदेश दोन दिवसही टिकत नाही. भाताचा वाटा कमी करून त्या ताटात डाळ, उसळ, मासे आणि पालेभाजी वाढवणे टिकणारे आहे. ज्वारी, बाजरी आणि नाचणी उपयोगी आहेत, मात्र भाकरीही मोजून खावी लागते. गूळ आणि मध साखरेइतकेच धोकादायक आहेत. दिवसातून चार-पाच वेळा होणाऱ्या कटिंग चहातील साखर आणि बिस्किटे ही मुंबईकराच्या रक्तातील साखरेची मोठी वाट आहे, ती बंद केल्याने बराच फरक पडतो. आठवड्याला किमान १५० मिनिटे जलद चालावे. घर लहान असेल, तर महापालिकेचे उद्यान, समुद्रकिनाऱ्याचा रस्ता किंवा स्थानकापर्यंतचा पायी प्रवास हे पर्याय आहेत. तंबाखू, मिश्री आणि सिगारेट सोडणे पायांच्या आणि हृदयाच्या दृष्टीने साखरेइतकेच महत्त्वाचे आहे.

रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास आणि सेवा न मिळाल्यास

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि तिच्याशी जोडलेल्या आयुष्मान भारत योजनेत संलग्न रुग्णालयांत दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मूत्रपिंडाच्या आजारातील डायलिसिस त्यात येते, परंतु दर महिन्याच्या गोळ्या आणि बाह्यरुग्ण तपासणी येत नाही. म्हणून दैनंदिन उपचार दवाखान्यातूनच घ्यावेत. रेशन कार्ड आणि आधार कार्डावरील नावे जुळतात का, हे आजारपण येण्यापूर्वीच पाहून ठेवावे, कारण ऐन वेळी नातेवाइकांची धावपळ याच कागदांमुळे होते. योजनेची माहिती १५५३८८ या क्रमांकावर, तर सर्वसाधारण आरोग्य सल्ला १०४ या क्रमांकावर मिळतो.

औषध वारंवार नाकारले गेले किंवा तपासणी टाळली गेली, तर तोंडी वाद घालून निघून येऊ नये. प्रत्येक विभाग कार्यालयात वैद्यकीय आरोग्य अधिकारी असतात; त्यांच्या नावे तारीख, दवाखान्याचे नाव, औषधाचे रासायनिक नाव आणि किती दिवस ते मिळाले नाही हे लिहून अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. आशासेविकेला हा अर्ज वाचून दाखवावा, कारण तिच्या वस्तीतील आणखी कोणाला तोच अनुभव आला असेल, तर दोन-चार अर्ज एकत्र देता येतात आणि साठ्याची मागणी वेळेवर नोंदवली जाण्याची शक्यता वाढते.